मोरीतली भांडी आणि विठ्ठल: रटाळ कामात विश्वास कसा धरावा

रात्रीची भांडी घासून पालथी घातली, की सकाळी चहाच्या पातेल्यापासून पुन्हा सुरू. केर काढला तरी संध्याकाळी पायाला कचकच लागतेच. ऑफिसात एक गठ्ठा संपवावा तर दुसरा टेबलावर येऊन पडलेला. अशा कामांत अंगापेक्षा मन आधी थकतं, कारण दिवसाअखेर दाखवायला काही हाती नसतं. देवाने आपल्याला यात का घातलं असेल, हा प्रश्न बहुतेकांना मोरीपुढे उभं असतानाच पडतो.

त्यावर उपाय आहे आणि तो शिकता येतो. पण आधी एक गोष्ट नीट पाहा. पंढरपूरला रोज पहाटे काकडा होतो. देवाला उठवतात, स्नान घालतात, पोशाख करतात, दुपारी महानैवेद्य, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती करून निजवतात. दुसऱ्या पहाटे पुन्हा काकडा. कालचे हार निर्माल्यात गेलेले असतात, म्हणून कालची पूजा वाया गेली असं कोणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माला ईश्वराला वाहायचं फूल म्हटलं आहे. फूल संध्याकाळी सुकणार हे ठाऊक असूनच ते वाहतात. रोज मोडणारी आणि रोज करावी लागणारी कामं पूजेच्याच जातीची आहेत. खालची सगळी रीत यावर उभी आहे.

एकच काम, पंधरा दिवस

सगळ्या दिवसाचं अर्पण करायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी सुटतं. एक काम निवडा, शक्यतो जे करताना सर्वात जास्त कंटाळा येतो ते. ते रोजचं असावं, दहा ते तीस मिनिटांत संपणारं असावं आणि हाताचं असावं. भांडी, केर, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं चालेल. हिशेबाची जुळणी किंवा माणसांशी बोलण्याचं काम सुरुवातीला नको, कारण तिथे डोकं पूर्ण गुंतलेलं असतं. मुदत एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा दिवस.

पहिल्या दिवशी त्या कामाची साधनं एका कागदावर लिहा: घासणी, चोथा, साबणाची वाटी, नळ, पाटी. हे पोरकट वाटेल, पण करा. अरणच्या सावतोबांनी कांदा, मुळा, भाजीत विठाई पाहिली हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच अभंगात पुढे मोट, नाडा, विहीर, दोरी येते, तिकडे लक्ष जात नाही. ते माळी होते, आपल्या अवजारांची नावं घेत देवाबद्दल बोलत होते. तुमची अवजारं वेगळी आहेत एवढाच फरक.

काम करताना

भांड्यांचंच उदाहरण घेऊ. नळ सोडण्याआधी थांबा आणि "रामकृष्णहरी" तीनदा म्हणा. मग साध्या शब्दांत सांगा: "पांडुरंगा, हे तुझं काम, मी करतो." बायकांनी "करते" म्हणावं. याहून लांब प्रार्थना नको. लांबली की पाचव्या दिवशी ती उरकली जाते.

आता करपलेल्या कढईत गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून ती बाजूला ठेवा. (ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते.) आधी पेले, मग ताटं-वाट्या, मग तेलकट भांडी आणि शेवटी ती कढई, म्हणजे तेल सगळीकडे पसरत नाही. कुकरच्या झाकणातली रिंग काढून घासा, तिच्या खाचेत भाताची पेज अडकून वास धरते. हे भक्तीच्या लेखात का, असं वाटलं तर उत्तर सोपं आहे: अर्पण करायची वस्तू चांगली करायची असते. नाम घेत घेत अर्धवट घासलेलं पातेलं देवाला चालेल असं समजू नका.

नाम हालचालीशी बांधा. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्यावर बसते, म्हणून दळताना ती आपसूक येते. केरात झाडूचे तीन फटकारे: राम, कृष्ण, हरी. भांड्यांत प्रत्येक भांडं विसळताना एकदा. मोजायला माळ लागत नाही, भांडीच मोजतात.

मन तिसऱ्या ताटाला पळणार, हे धरूनच चाला. कोणाचं तरी बोलणं आठवेल, उद्याचा हप्ता आठवेल. लक्षात आलं की पुढच्या भांड्यापासून पुन्हा नाम. मागचं मोजत बसू नका, स्वतःवर चिडू तर मुळीच नका. विसरणं आणि परत येणं हाच अभ्यास आहे. वीस भांड्यांत चारदा नाम आठवलं तरी पहिल्या आठवड्यात ते चांगलं आहे.

एक सावधगिरी मात्र आहे. तेरच्या गोरोबांची कथा सर्वांना माहीत आहे: भजनात देहभान हरपून चिखल तुडवताना लेकरू पायाखाली गेलं. तेव्हा उकळतं तेल, विळी, यंत्र, गाडी असेल तिथे आधी डोळे कामावर, नाम फक्त सुरुवातीला आणि शेवटी.

शेवट नेमाने करा. भांडी पालथी घाला, जाळी साफ करा, फडकं पिळून वाळत टाका आणि "कृष्णार्पणमस्तु" म्हणा. हा शब्द म्हटल्यावर काम तुमच्याकडे राहत नाही. कोणी पाहिलं का, कौतुक केलं का, सकाळी पुन्हा ढीग होईल का, ही चौकशी आता आपली नाही. झोपताना वहीत दोन खुणा: काम झालं का, शेवटी अर्पण केलं का. मनाला किती शांत वाटलं ते लिहू नका. शांती मोजायला लागलं की ती न मिळालेल्या दिवशी विश्वास डगमगतो.

जिथे लोक अडतात

सर्वात मोठी चूक हेतू स्वतः रचण्याची. "देव मला धीर शिकवतोय", "यातून पुढे मोठं काही मिळणार आहे" हे आपण आपल्याच समजुतीसाठी घडवतो आणि ते तसं झालं नाही की देवावर रुसतो. विश्वास म्हणजे हेतू कळणं नव्हे. हेतू देवाकडे आहे एवढं मानून हातातलं काम पुरं करणं. जनाबाईंच्या अभंगात जनी झाडलोट करते आणि चक्रपाणी केर भरतो, पाटी डोक्यावर घेऊन दूर टाकून येतो. त्या केराचं पुढे सोनं झालं असं तिथे काही नाही. केर केरच राहतो, सोबत मिळते.

दुसरी चूक तक्रार गिळण्याची. त्याच जनाबाई विठोबाला "मूळ मायेच्या कारट्या" असं खडसावतात. तेव्हा कंटाळा आला तर त्याला स्पष्ट सांगा, मोठ्याने सांगा, मग घासणी उचला.

तिसरी चूक घातक आहे: अन्याय अर्पणाच्या नावाखाली सोसणं. घरात चार धडधाकट माणसं असताना सगळी भांडी एकट्या सुनेवर पडत असतील, किंवा मालक पगार थकवत असेल, तर तिथे नामाबरोबर बोलणंही हवं. चोखोबा मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना, ते अंगावर कोसळून वारले. त्यांनी वाट्याला आलेल्या अवहेलनेला गोड नाव दिलं नाही, देवाला जाब विचारला. दुसऱ्याला "देवाची इच्छा" म्हणून राबवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा हा वेगळा प्रकार आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर बदलायची, आणि माणूस बरा होताना दिसत नाही. इथे पूर्ण सेवेचं अर्पण करायला जाऊ नका. एका वेळच्या कूस बदलण्यापुरतं म्हणा, पुढच्या वेळी पुन्हा. आणि आठवड्यातून काही तास दुसऱ्या कोणाकडे सोपवाच.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उठावंसंच वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर तो कामाचा कंटाळा नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.

पुढची एकादशी आली की वही उघडा. दहा दिवसांच्या वर दोन्ही खुणा असतील तर दुसरं काम जोडा. कमी असतील तर तेच काम आणखी एक पंधरवडा, फक्त सुरुवातीचं नाम तीनदाऐवजी एकदा. आणि ज्या रात्री नाम सुचत नाही, देव दूर वाटतो, त्या रात्री बाकी सगळं सोडा. भांडी घासा, शेवटचं पातेलं पालथं घालताना "कृष्णार्पणमस्तु" म्हणा आणि दिवा मालवा.