बाजारभावाचा रुंद तक्ता मोबाईलवर नीट कसा दाखवावा

येळ्ळूरचे माझे मामा रताळी भरून बेळगावच्या मार्केट यार्डात निघण्याआधी मोबाईलवर भाव बघतात. आमच्या शेतकरी गटाच्या वेबसाईटवर मी आठ रकान्यांचा तक्ता टाकला होता: मालाचं नाव मराठीत, तेच कन्नडमध्ये, मग प्रत, आवक, किमान, कमाल, सरासरी दर आणि तारीख. कॉम्प्युटरवर झकास दिसायचा. मामांच्या फोनवर मात्र ‘कमाल’ पडद्याबाहेर. सरकवत तिथवर गेलं की नावं डावीकडे दिसेनाशी व्हायची आणि समोरचा आकडा रताळ्याचा की बटाट्याचा, ते कळायचं नाही. भावाच्या तक्त्यात ओळ चुकली की शेतकऱ्याचा हिशोबच चुकतो.

तो तक्ता सुधारताना जे केलं ते सांगते. खालचे कोडचे शब्द (पानाची रचना सांगणारं एचटीएमएल आणि दिसणं ठरवणारं सीएसएस) उच्चाराप्रमाणे लिहिलेत, फाईलमध्ये ते रोमन लिपीतच टाका.

आधी पानाच्या ‘हेड’मध्ये, म्हणजे फाईलच्या वरच्या भागात, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं ते ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे का बघा. त्यात ‘विड्थ’ची किंमत ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि ‘इनिशियल-स्केल’ची १ हवी. तो नसेल तर फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून सगळंच बारीक करतो. पुष्कळ अँड्रॉईड फोनांची रुंदी या मापात ३६० च्या आसपासच असते.

मग तक्त्याभोवती एक ‘डिव्ह’, म्हणजे साधी चौकट, घाला आणि त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्या. आता पान जागच्या जागी राहतं, फक्त तक्ता आडवा सरकतो. आकडे मधेच तुटून दुसऱ्या ओळीत जाऊ नयेत म्हणून त्यांच्या घरांना ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’ लावा. जागा वाचवायला ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ मात्र लावू नका, ‘रता’ एका ओळीत आणि ‘ळी’ दुसऱ्या ओळीत जाते.

खरं काम पहिल्या रकान्याचं आहे. मालाचं नाव कायम डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक ओळीतलं पहिलं घर ‘टीडी’ऐवजी (साधं घर) ‘टीएच’ (शीर्षकाचं घर) करा, त्याला ‘स्कोप’मध्ये ‘रो’ लिहा आणि स्टाईलमध्ये ‘पोझिशन: स्टिकी’ व ‘लेफ्ट: ०’ द्या. पार्श्वभूमीला भरीव रंग द्यायला विसरू नका, नाहीतर मागून सरकणारे आकडे नावात मिसळतात. ‘बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स’ असेल तर सरकवताना या रकान्याच्या रेघा गायब होऊ शकतात. तिथे ‘सेपरेट’ करून ‘बॉर्डर-स्पेसिंग’ ० ठेवा.

हा रकाना पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा रुंद नको, नाहीतर आकड्यांना जागाच उरत नाही. आपल्याकडे दोन्ही भाषा हव्यातच, पण त्यासाठी दोन रकाने नकोत. एकाच घरात वर ‘रताळी’ आणि खाली थोड्या लहान अक्षरात कन्नड लिपीत ‘गेणसु’ लिहा. कन्नड शब्द ‘स्पॅन’मध्ये (ओळीतल्या थोड्या मजकुराभोवती घालायचा टॅग) घालून त्याच्या ‘लँग’मध्ये कन्नडचा कोड, ‘के’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं, टाका. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे कन्नड आवाज असेल, तर तो शब्द त्या आवाजात वाचला जातो. तारीखही प्रत्येक ओळीत कशाला? तक्त्याच्या ‘कॅप्शन’मध्ये एकदा लिहा. आठाचे सहा रकाने झाले.

तक्ता सरकतो हे बघणाऱ्याला कळायला हवं. शेवटचा दिसणारा रकाना अर्धवट कापला जाईल अशी रुंदी ठेवा, वर ‘तक्ता डावीकडे सरकवा’ अशी ओळ द्या. कीबोर्डवाल्यांसाठी त्या डिव्हला ‘टॅबइंडेक्स’ ०, ‘रोल’ला ‘रीजन’ आणि ‘एरिया-लेबल’मध्ये (यातलं ‘एरिया’ म्हणजे ए, आर, आय, ए ही अक्षरं) तक्त्याचं नाव द्या.

काहीजण मोबाईलवर प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करतात. दूरध्वनी यादीला ते ठीक. भाव मात्र एकाखाली एक बघून ताडायचे असतात, तिथे मी तक्ताच ठेवते. आणि तक्त्याचा फोटो काढून टाकणं टाळाच: मोठा केला की अक्षरं फुटतात, शोधता येत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला त्यातलं काही ऐकू येत नाही.

तपासायला क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकदम दाबा, रुंदी ३६० करा. मग खरा, साधा फोन घेऊन उन्हात उभे राहा. शेवटी तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्या, ‘रताळ्याचा कमाल भाव किती?’ एवढंच विचारा, आणि त्यांनी उत्तर देईपर्यंत फोनला हात लावू नका.