शुगर बॉर्डरवरून खाली कशी आली, माझा अनुभव

फेब्रुवारीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.३ आला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० आणि कंबर ९८ सेंमी. डॉक्टर म्हणाले एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस (मधुमेहाचा उंबरठा), गोळी लगेच नको, आधी खाणंपिणं बदला. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० च्या आत पाहिजे हेही तेव्हाच कळलं.

तर्री पोहा बंद नाही केला राजेहो, नागपुरात राहून ते कसं जमेल, रविवारी खातोच पण पोहे अर्धे आणि तर्रीतले चणे जास्त. बाकी दिवस मोडाची मटकी नाहीतर बेसनाचं धिरडं. रात्री भात सोडून ज्वारीची भाकर, झुणका, अंबाडीची भाजी.

सगळ्यात जास्त फरक मात्र चालण्यानं पडला असं माझं ठाम मत आहे. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, कारण स्नायू हलले की ते इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलं, तेच जेवण, बसून राहिलो तर दोन तासांनी १७८ आणि फुटाळा तलावाला चक्कर मारून आलो तर १४१. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी कुठे जाणार, तेव्हा घरातल्या घरातच.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांनीच परत करा. माझा ५.८ आला, ट्रायग्लिसराइड १५५. ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा बरं, शुगर एकदम खाली जाऊ शकते.