घानात घरकामाला येणाऱ्या आंटीच्या मुलाला शाळेसाठी मदत करायचीय? आधी हे वाचा

आक्रा नाहीतर टेमात नोकरीला आलेल्या आपल्या लोकांना बीईसीईचा, म्हणजे ज्युनियर हायस्कूलच्या शेवटच्या परीक्षेचा, निकाल लागला की हा प्रश्न पडतोच, कारण आंटी ॲडव्हान्स मागतात आणि आपण म्हणतो, अहो २०१७ पासून सिनियर हायस्कूल फ्री आहे ना? फी नाही हे खरंच, पण पोरगं होस्टेलच्या दारात पोचेपर्यंतच आईबापांचा खिसा रिकामा होतो.

तर पहिलं काम म्हणजे प्रॉस्पेक्टस मागा. नंबर लागला की शाळा सामानाची यादी देते, ती हातात आल्याशिवाय काहीही घेऊ नका. ट्रंक, गादी, बादली, चादरी, झाडू आणि चक्क कटलस, म्हणजे आपला कोयता, आवारातलं गवत मुलंच कापतात ना! वर चॉप बॉक्स, कुलूप लावायची लाकडी पेटी, त्यात गारी, शितो चटणी, सार्डिनचे डबे, मिलो, साखर. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कसावाचा भाजलेला रवा म्हणजे गारी, पाण्यात भिजवून साखर, दूध, शेंगदाणे टाकायचे की झालं, मेसमध्ये पोट नाही भरलं तर पोरं यावरच भागवतात. त्यामुळे गारीत काटकसर नको.

२०२५ मध्ये इथली किमान मजुरी दिवसाला १९.९७ सेडी होती, त्यात हे सगळं कसं बसवणार सांगा. सुसूवाल्याकडे, म्हणजे रोज फिरून बचत गोळा करणाऱ्याकडे, थोडे थोडे टाकलेले पैसेही पुरत नाहीत, २०२२ च्या डिसेंबरात महागाई ५४ टक्क्यांवर गेली होती तेव्हा तर साठवलेल्याची किंमतच राहिली नाही.

मोठ्या वस्तू तुम्ही घ्या, पण मकोला मार्केटात भाव आंटींना करू द्या, तुम्ही जरा लांबच थांबा, ओब्रोनी, म्हणजे परदेशी माणूस, दिसला की रेट वाढलाच म्हणून समजा. बाकीचे पैसे मोमोने, म्हणजे मोबाइल मनीने, दोनदा पाठवा, थोडे जायच्या वेळी आणि थोडे टर्मच्या मध्ये, पेटी रिकामी होते तेव्हा. आणि हे पगारातून कापू नका हो, नाहीतर पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्याकडून उसने घेणार.

"प्रोटोकॉलने", म्हणजे वशिल्याने, "चांगली शाळा मिळवून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर एक पेसेवाही (इथला पैसा) देऊ नका, प्लेसमेंट ऑनलाइन होते.

मुलगा अजून ज्युनियर हायस्कूलला असेल तर गोष्ट वेगळी. सरकारी जेवण बऱ्याच प्रायमरी शाळांत मिळतं, ज्युनियरला नाही, आणि डब्याचे पैसे नसले की पोरं शाळेलाच दांडी मारतात. तिथे एकरकमी काही देण्यापेक्षा दर सोमवारी आठवड्याच्या जेवणाचे पैसे द्या.