गल्लीत बसायची जागा कशी करावी

आमच्या ठाण्यातल्या लोकमान्य नगरातल्या बाया घोडबंदरच्या टॉवरमध्ये घरकामाला जातात. तिथे सोसायटीने रस्त्याकडेला बाकडं टाकलं की सुशोभीकरण. इथे आम्ही कडप्पा मांडला की अतिक्रमण. हे डोक्यात ठेवूनच कामाला लागा.

आधी फिरून या. रात्री आठनंतर, पाच-सहा जणींनी, बसस्टॉपपासून घरापर्यंत. एखादी शाळकरी मुलगी आणि गुडघे धरलेली आजी बरोबर हवीच. कॅनडातल्या टोरांटोच्या बायकांनी १९८९ साली अशी सुरक्षिततेची पाहणी सुरू केली. लागते फक्त वही आणि बॅटरी. पाय कुठे आपोआप भरभर पडतात, ओढणी कुठे सावरली जाते, ते लिहा. दिवा बंद असेल तर खांबावरचा नंबर उतरवा. नुसतं ‘मंदिराजवळचा दिवा’ लिहू नका.

आम्ही पहिली बसायची जागा सार्वजनिक संडासाच्या रांगेजवळ केली. कुणाच्या तरी ओट्याचा उरलेला कडप्पा, खाली विटांचे दोन थर. सिमेंट लावू नका. हटवायला सांगितलं तर न फोडता उचलता येतो. चारही कोपऱ्यांवर बसून बघा, डुगडुगला तर खाली पत्र्याचा तुकडा सारा. गटाराचं झाकण उघडलं पाहिजे, चाकाची खुर्ची गेली पाहिजे. पाठ भिंतीला, तोंड वाटेकडे.

कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. ती उशिरापर्यंत बसते म्हणून त्या वळणावर धीर वाटतो. २०१४च्या फेरीवाला कायद्याने शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे, त्यांत एक तृतीयांश बाया. तिला हे सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा झाली की झाडायची कुणी म्हणून सगळे आपल्याकडे बघतात. घरचं झाडून, दुसऱ्यांचं झाडून गल्लीही आपणच झाडायची? अजिबात नाही. बाप्यांची आणि पोरांची पाळी लावा, नावं भिंतीवर लिहा. आणि दिवा, गटार, संडासाची कडी हे पालिकेचं काम. वर्गणी काढून ते अंगावर घेऊ नका. एकदा घेतलं की आपल्याच गळ्यात पडतं.

त्यासाठी दोन प्रतींत अर्ज करा, खांबाचा नंबर आणि फोटो जोडून. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिना उलटला तर माहिती अधिकारात विचारा: आमच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय केलं? फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. हा माहिती अधिकाराचा अर्ज एकीच्या नावाने टाकायचा, पण द्यायला तिच्याबरोबर दोघी-तिघींनी जायचं.