बिअर्डेड ड्रॅगनला काचेतून आलेलं ऊन पुरत नाही

खिडकीशी टाकी ठेवली की झालं, असं पुण्यात बरेच जण समजतात. पण काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ सगळे अडवते, आणि त्यांच्याशिवाय या ऑस्ट्रेलियन सरड्याच्या अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग कॅल्शियम कितीही खाऊ घाला, हाडं मऊ पडतात. त्यात बंद काचेची टाकी उन्हात तापून भट्टी होते, ते वेगळंच.

टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीची यूव्हीबी ट्यूब लावा, छोटा बल्ब नको. टाकीच्या झाकणाची बारीक जाळीही किरण अडवते, म्हणून शक्यतो ट्यूब जाळीच्या आतच बसवा. अंतर मात्र पाकिटावर लिहिलेलं पाळा. ट्यूब वर्षाने बदला. उजेड दिसत राहतो, पण यूव्हीबी ओसरलेलं असतं.

उष्णतेचा दिवा ट्यूबच्याच बाजूला हवा. त्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, दुसरं टोक २५ च्या आसपास. काचेला चिकटवलेल्या गोल थर्मामीटरवर विसंबू नका, प्रोबवाला (तारेच्या टोकाला सेन्सर असलेला) घ्या. विजेवर तापणारे दगड तर घेऊच नका, पोट भाजतं.

रात्री सगळे दिवे बंद, लाल बल्बसुद्धा. खोली १८ अंशांच्या खाली जात नसेल तर हीटर लागतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा थर्मोस्टॅटला (तापमान बघून आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राला) जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. एप्रिल-मेमध्ये उलटी पंचाईत: थंड टोकच तापतं. तेव्हा कमी वॅटचा दिवा लावा, यूव्हीबी मात्र चालू ठेवा.