हेडसेट उघडताय? आधी परात घ्या

मागच्या मे महिन्यात धाकट्या भावाच्या बीएमएक्सचा (उड्या-कसरतींची छोटी सायकल) हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं तो बेअरिंगचा जोड, घरीच उघडला, खाली सोलापुरी चादर अंथरून. तिच्या नक्षीत कॉम्प्रेशन रिंग कुठं मिसळली ते कळलंच नाही. आईनं चादर गच्चीवरून झटकली, विषय संपला. म्हणून चादर नको, परात घ्या. रिंग निघाली की थेट परातीत. बारीक, एका बाजूला चिरलेली असते. वरच्या बेअरिंगमध्ये रुतून चिमट्याच्या (पुढचं चाक धरणारा फोर्क) दांडीला आवळते. ती नसली तर वरचा बोल्ट कितीही पिळा, हँडल खुळखुळणारच. मी दोन आठवडे बोल्टच पिळत बसलो होतो.

एलन की, ग्रीस, फडकं हे सांगायला नको.

नवा हेडसेट घ्यायचा तर जुनं बेअरिंग खिशात घालून जा. आजकालच्या बहुतेक बीएमएक्सला इंटिग्रेटेड, म्हणजे बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसणारा हेडसेट असतो: दांडी 28.6 मिमी, बेअरिंगचा बाहेरचा व्यास 41.8 मिमी, कडांचा उतार 45×45 अंश. दिसायला तसंच, पण 41 मिमीचं 36×45 सुद्धा मिळतं. दुकानदार म्हणेल, ‘बसतंय की!’ बसत नाही. आत हलत राहतं आणि बेअरिंगची बैठक फ्रेममध्येच कोरलेली असल्यानं ती झिजली की फ्रेमच गेली. बेअरिंगच्या कडेवर आकडे बघा, पुसले असतील तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. जुन्या फ्रेमला ठोकून बसवलेल्या वाट्या असतील तर तो वेगळा साइज. आणि पाकीट दुकानातच फोडा, आत रिंग आहे का बघा. खरंच बघा.

सोलापूरच्या होम मैदानावर उड्या मारून आलात की धूळ ग्रीसला धरते. सीलबंद बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस निघून जातं. पुसा, बोटावर फिरवा, खरखरलं तर बदला. धुताना हेडसेटवर पाण्याचा जोराचा फवारा नको.

बसवताना खालचं बेअरिंग, चिमटा, वरचं बेअरिंग, रिंग (निमुळती बाजू खाली), टोपी, स्पेसर (मधल्या चकत्या), स्टेम (हँडल धरणारा तुकडा). स्टेम धरतो तिथं ग्रीस नको. बाजूचे बोल्ट ढिले ठेवून आधी वरचा, मग बाजूचे आळीपाळीनं. हँडल आडवं वळवा, जोडावर बोट ठेवून सायकल पुढं-मागं हलवा. टक् वाजलं तर पिळत बसू नका, परातीत बघा.