जुन्या फ्लॅटमध्ये हीट पंप: मशीन यायच्या आधीची तयारी

भिंतीवर लावायचा हीट पंप दिसायला नेहमीच्या स्प्लिट एसीसारखाच. फरक आहे तो गॅसची दिशा उलटवणाऱ्या एका व्हॉल्व्हचा. त्याच्यामुळे उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकणारं यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत ओढतं. हीटरसारखी वीज जाळून उष्णता तयार करायची नसते, नुसती वाहून आणायची असते. म्हणून सौम्य थंडीत एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पदरात पडते. एवढं विकणारा सांगतोच. पण जुन्या इमारतीत काम अडतं ते मशीनपायी नाही, भिंत, वायरिंग आणि पाणी यांच्यापायी. या तिघांचा निकाल लागल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

सुरुवात आउटडोअर युनिटच्या जागेपासून करा, कारण बाकी सगळं तिथून ठरतं. दर्शनी भिंतीवर काही लावायचं तर इमारतीची परवानगी लागते, ती लेखी घ्या. तोंडी होकार शेजारी बदलला की विरतो. युनिटचं वजन २५ ते ४० किलो, त्यात चालू असताना थरथर. खिडकीवरचा छज्जा आयता दिसतो आणि बरेच जण तिथेच मशीन टेकवतात. पण छज्जा हा पाऊस अडवायला घातलेला पातळ स्लॅब असतो, भार पेलायला नाही, आणि जुन्या इमारतीत त्यातल्या सळ्या गंजलेल्या असू शकतात. खालून बघा: प्लास्टरला गंजाचे तपकिरी ओघळ किंवा सळीच्या रेषेत चीर दिसली तर तो विषय तिथेच संपवा.

ब्रॅकेट भिंतीत ठोकायचा असेल तर हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून बघा. भरीव भिंत 'टक' वाजते, प्लास्टर सुटलं असेल तर 'ढप'. ढप वाजलं तिथे प्लास्टर उतरवून खालची वीट बघायची. वीट बोटाने खरवडली आणि लाल भुगा हातात आला तर साधा फास्टनर धरणार नाही. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेला बोल्ट) लागेल किंवा जागाच बदलावी लागेल. रबराचे पॅड विसरू नका, नाहीतर कंप्रेसरची घरघर भिंतीतून थेट शेजाऱ्याच्या उशाशी जाते. आणि हा प्रश्न आधीच विचारून टाका: तीन वर्षांनी दुरुस्तीला माणूस आला तर तो उभा कुठे राहणार? खिडकीतून हात पोचत नसेल तर दर वेळी दोरखंड आणि पाळणा आलाच.

भोक पाडणं हे जुन्या घरातलं सगळ्यात जोखमीचं काम. पाइप, वायर आणि ड्रेन मिळून साधारण ६५ मिलिमीटरचं भोक लागतं. ते बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं हवं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. 'एवढ्याशा भोकाने काय होतंय' म्हणणाऱ्या कारागिराला चहा पाजून परत पाठवावं. वायरी आणि पाण्याच्या लायनी कुठून गेल्यात ते डिटेक्टरने तपासून पेन्सिलने खुणा करून ठेवा. जुन्या भिंती कधी कधी दीड विटेच्या असतात, दगडी असतील तर त्याहून जाड, त्यामुळे कोअर कटिंगवाल्याला (यंत्राने भिंतीत गोल भोक कापणाऱ्याला) जाडी आधी कळवा, तो तसा लांब बिट घेऊन येईल. बाहेरून किंवा छताला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा आणि तपासणी झाल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

आता वायरिंग. मुख्य बोर्ड उघडून नुसतं बघा, हात लावू नका. तार बांधायचे चिनी मातीचे फ्यूज, चंदेरी दिसणारी अ‍ॅल्युमिनियमची वायर, कापडी वेष्टणाची केबल यातलं काहीही दिसलं तर हीट पंपाच्या आधी इलेक्ट्रिशियन. दीड टनाचं मशीन २३० व्होल्टला साधारण ७ ते ८ अँपिअर ओढतं. आकडा मोठा वाटत नाही, पण थंडीत ते तासन्‌तास ओढतं, आणि त्याच वेळी गीझर चालू असतो. मशीनला बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची लाइन द्या. जाडी मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे, सहसा २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर. तिला जादा भार आला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि झटक्यापासून वाचवणारा आरसीसीबी हवा. अर्थिंगच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, जुन्या घरांत तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. ते मीटर लावूनच मोजून घ्या. मंजूर भार पुरतो का तेही बघा, वाढवून घ्यायला वेळ लागतो.

पाण्याचं गणित बहुतेकांचं अर्धंच असतं. उन्हाळ्यात आतल्या युनिटमधून पाणी निघतं हे सगळ्यांना माहीत असतं. हिवाळ्यात उलट होतं: बाहेरच्या कॉइलवर दंव धरतं, मशीन मधूनमधून चक्र उलटवून ते वितळवतं आणि पाणी आउटडोअरच्या तळातून गळतं. आमच्याकडे हे पहिल्याच थंडीत कळलं, तेही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून. त्यांची वाळत घातलेली चादर रोज सकाळी ओली, आणि आकाश निरभ्र! तेव्हा बाहेरच्या युनिटलाही ड्रेनची नळी लावून घ्या. जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथे मात्र ती नळीच गोठून तुंबू शकते, तिथे पाणी मोकळं पडेल अशी जागा निवडावी. आतल्या ड्रेनला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. नळी थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसू नका, वास उलटा खोलीत येतो.

कितीचं मशीन घ्यायचं? १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, पण हीटिंगचा छापील आकडा बाहेर ७ अंश सेल्सिअस असताना मोजलेला असतो. पारा त्याखाली गेला की क्षमता घटते. तुमच्याकडच्या सगळ्यात थंड रात्रीचा आकडा कंपनीच्या तक्त्यात बघा. त्याआधी वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथून तुमची उष्णताही पळणार आहे. फटी बुजवल्या तर कदाचित लहान मशीन पुरेल. आतलं युनिट छताला चिकटवू नका: वरून ते हवा ओढतं, आणि गरम हवा तशीही वरच साचते.

आधीच्या एसीचे तांब्याचे पाइप भिंतीत आहेत, तेच वापरू, असा मोह होतो. ते आर-२२ गॅसचे असतील तर आत जुनं तेल चिकटलेलं असतं, आणि नव्या आर-३२ मशीनचा दाब त्या गॅसच्या दीडपटीहून जास्त. पाइप नवेच घ्या, दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन चढवून.

बसवायच्या दिवशी पलंग, कपाट सरकवून ठेवा, जमिनीवर जुनी चादर अंथरा, कोअरच्या चिखलाची सोय बादलीत. कारागिराला दोन गोष्टी आधीच फोनवर विचारा: नायट्रोजनने दाब चाचणी करणार का, आणि व्हॅक्युम पंप व गेज आणणार का. मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा 'उडवणारे' अजून आहेत. त्याने ओलावा आतच राहतो आणि कंप्रेसर अकाली जातो. व्हॅक्युम ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं माप) खाली उतरून पंप बंद केल्यावरही टिकला पाहिजे. काटा दाखवा म्हणा, फोटो काढा. फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरट केलेलं तोंड, धरणारे नट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले जाताहेत ना हेही बघा. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात, अंदाजाने जोर लावला तर फ्लेअर चिरते. मग माणसं जायच्या आधी आतल्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता, ते नळीतून बाहेर पडताना बघा, मशीन थंड आणि गरम दोन्हींवर चालवून घ्या, आणि मगच पैसे द्या.